पेटी शिकलेल्याने जॅझ स्टँडर्डमधले कॉर्ड कसे समजून घ्यावेत?

तुम्ही लिहिलंय की सहा वर्षं पेटी शिकलात, आता कीबोर्डवर 'ऑटम लीव्ज' हे जॅझ स्टँडर्ड (सगळे जॅझवाले वाजवतात अशी चाल) बसवताय. कॉर्डची (एकत्र वाजवायच्या स्वरांच्या गटांची) यादी पाठ होते, पण कुणी पट्टी बदलली की सगळं निसटतं. माझंही हेच झालं होतं. मी सदाशिव पेठेत पेटी शिकलो. पुढे रविवारी कोरेगाव पार्कात मित्राकडे वाजवायला जायचो. ई मायनरमध्ये घोकून गेलो होतो, सॅक्सोफोनवाल्याने जी मायनर म्हटलं आणि दुसऱ्याच बारला (तालाच्या खणाला) मी थांबलो. त्या रात्री कॉर्डची नावं बाजूला ठेवून सरगम लिहून काढली. तेव्हा कुठे उलगडलं.

आधी तानपुरा बंद करा. आपला सा मैफल संपेपर्यंत हलत नाही, त्यामुळे कान प्रत्येक स्वर त्याच्याशीच ताडून बघतो. इथे आधारच दर बारला बदलतो.

आता ई मायनरमधलंच 'ऑटम लीव्ज' घ्या, पण सा माना पांढरी पाच (जी). पहिल्या सात कॉर्डचे मूळ स्वर असे येतात: रे, प, सा, म, नि, ग, ध. प्रत्येक उडी षड्ज-मध्यम भावाची आहे. अपवाद फक्त म ते नि. तिथेही तेवढीच उडी घेतली असती तर कोमल नि आला असता आणि आपण पट्टीबाहेर गेलो असतो. शुद्ध नि घेतल्यामुळे वर्तुळ घरातच राहतं.

खरी गंमत याच्या वर आहे. कॉर्डचा स्वभाव ठरतो मूळ स्वरापासून मोजलेल्या तिसऱ्या आणि सातव्या स्वराने. सातही कॉर्डमधून फक्त हे दोन स्वर काढा आणि जवळच्या जवळ जोडत जा. दोन ओळी मिळतात (ध॒ म्हणजे कोमल ध):

म म ग ग रे रे सा
सा नि नि ध ध ध॒ प

एक ओळ थांबते तेव्हा दुसरी खाली उतरते. शेवटच्या कॉर्डवर दोघी एकदम उतरतात. आणि मूळ चाल आठवून बघा: जोसेफ कॉस्मा यांनी १९४५ मध्ये बांधलेल्या या चालीत पहिल्या चार ओळींचे लांब ठेवलेले स्वर आहेत म, ग, रे, सा. म्हणजे चाल त्या वरच्या ओळीवरच उभी आहे. हे पहिल्यांदा कानाला जाणवलं तेव्हा मी पेटी सोडून उठलोच नाही, जेवण तसंच राहिलं.

त्या एकट्या कोमल ध कडे लक्ष द्या. पहिले चार कॉर्ड मेजरच्या घरात आहेत, पुढचे तीन ध ला सा मानून मायनरमध्ये जातात. मूर्च्छना, म्हणजे त्याच स्वरांत दुसऱ्या स्वराला सा मानणं, तुम्हाला परकी नाही. कोमल ध हा त्या नव्या सा चा शुद्ध नि आहे, म्हणून तो घराकडे ओढतो. ग वरचा कॉर्ड मायनर (मूळ स्वरापासून कोमल ग असलेला) न राहता सेव्हन (शुद्ध ग, कोमल नि असलेला) का होतो, याचं कारण एवढंच.

सराव करताना डाव्या हाताने मूळ स्वर, उजव्या हाताने या दोन ओळी, आणि तोंडाने एक ओळ गा. वेग अगदी कमी ठेवा. मग सा काळी एक करा, काळी चार करा. सरगम तीच राहते, म्हणून बोटं चुकली तरी कान सावरून घेतो. एका पट्टीला आठवडा लागला तरी चालेल.

यानंतर जेरोम कर्न यांचं १९३९ चं 'ऑल द थिंग्ज यू आर' घ्या. पहिले पाच कॉर्ड काळी चारच्या घरात, याच मध्यमाच्या उड्यांनी चालतात. मग एक सेव्हन कॉर्ड येतो आणि सा पांढरी एकवर जाऊन बसतो. पुढे तो आणखी हलतो. पेन्सिलने प्रत्येक ठिकाणी नवा सा लिहा.

ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस यांच्या 'सो व्हॉट' (१९५९) मध्ये मात्र ही पद्धत लावू नका. तिथे कॉर्ड चालतच नाहीत: पांढरी दोनवर काफी थाट (ग आणि नि कोमल) सोळा बार, तोच अर्ध्या स्वराने वर आठ बार, पुन्हा खाली आठ बार. ते तुम्हाला पहिल्याच दिवशी जमेल, पण मी ते मुद्दाम नंतर घ्यायला सांगेन. आधी उतरत्या दोन ओळी कानात मुरू द्या.