किडनीतल्या व्रणांत रोगप्रतिकारक पेशींचा हात असतो का?

यावलच्या ताई, बाबांच्या बायोप्सीत ‘फायब्रोसिस’ (किडनीत कडक व्रण तयार होणं) आलंय आणि शरीराच्याच पेशी किडनी बिघडवतात का, असं तुम्ही विचारलंय.

बिघडवतात, पण बहुतेकदा सुरुवात त्या करत नाहीत. मधुमेह, बीपी किंवा वेदनाशामक गोळ्यांनी किडनीच्या सूक्ष्म नलिकांना इजा झाली की रक्तातल्या मोनोसाइट या रोगप्रतिकारक पेशी तिथे धावतात, मॅक्रोफेज (सफाई करणाऱ्या पेशी) बनतात आणि मेलेल्या पेशी खाऊन जागा साफ करतात. इजा एकदाच झाली तर काम तिथेच आटोपतं. ती रोज होत राहिली तर मात्र मॅक्रोफेज आणि दुखावलेल्या नलिका टीजीएफ-बीटा हे व्रण घडवायला सांगणारं संदेशद्रव्य सोडतच राहतात. त्यातून मायोफायब्रोब्लास्ट म्हणजे व्रण बांधणाऱ्या पेशी तयार होतात आणि नलिकांमधल्या जागेत कोलॅजन हे चिवट प्रथिन भरत जातात. टी-पेशी या दुसऱ्या रोगप्रतिकारक पेशी दाह धुमसत ठेवतात. केशवाहिन्या कमी होतात, नलिका सुकतात.

प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं यात सरसकट चालत नाहीत. ती ल्युपससारख्या, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच शरीरावर हल्ला करते अशा, आजारांत देतात. जुना व्रण सहसा जात नाही, पुढचा व्रण पुढे ढकलता येतो: बीपी आणि साखर ताब्यात ठेवून, आणि डॉक्टरांनी दिल्या असतील तर एसजीएलटी-2 गटातल्या (लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या) गोळ्या घेऊन. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 अंशांना टेकतो. तशा उन्हात केळीच्या बागेत राबून रात्री अंगदुखीवर डायक्लोफेनॅक ही वेदनाशामक गोळी घ्यायची बाबांना सवय असेल, तर ती आजच बंद करा आणि पाणी किती प्यायचं ते डॉक्टरांनाच विचारा.