तत्त्वज्ञानातले हसू वाचताना
तत्त्वज्ञानाच्या अभ्यासाला नव्याने लागलेल्यांना माझे आग्रहाचे सांगणे आहे की, ग्रंथात विनोद आला की तो विरंगुळा समजून पुढे जाऊ नका. ताऱ्यांकडे पाहत विहिरीत पडलेल्या थेलीस या प्राचीन ग्रीक तत्त्वज्ञाला थ्रेसची दासी हसली, ही प्लेटोने सांगितलेली गोष्ट घ्या. पायापाशी काय आहे हे ज्याला दिसत नाही तो आकाशाचे ज्ञान मिळवू पाहतो, हा तिचा टोला खरा आक्षेप आहे. चीनमध्ये प्राचीन तत्त्वज्ञ च्वांग्त्झू हाओ नदीच्या पुलावर उभा राहून मासे आनंदात असल्याचे म्हणतो, तेव्हा ‘तू मासा नाहीस, तुला कसे कळले?’ असे त्याचा तत्त्वज्ञ मित्र ह्वेइत्झू विचारतो. ‘तू मी नाहीस, मग मला कळत नाही हे तुला कसे कळले?’ हे उत्तर आधी मोठ्याने वाचा, हसू येऊ द्या आणि मगच त्यातला युक्तिवाद कागदावर मांडा. हसवत हसवत अध्यात्म सांगणारी एकनाथांची भारुडे मात्र नुसती वाचू नयेत, सादर होतानाच पाहावीत.