किनाऱ्यावर कार डिटेलिंगचं दुकान: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: कुडाळजवळ हायवेला लागून वीस बाय तीसचा गाळा भाड्याने मिळतो आहे. हातात साडेचार लाख आहेत. कार डिटेलिंग (गाडीची बारकाईने सफाई, पॉलिश आणि कोटिंग) आणि परफॉर्मन्स पार्ट्स असं एकत्र दुकान काढायचं आहे. सुरुवात कशापासून करावी?

पाण्यापासून. करारावर सही करण्याआधी तिथल्या विहिरीचं किंवा बोअरचं पाणी टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) मीटरने मोजा. मीटर काही शे रुपयांत मिळतो. आकडा दीडशेच्या आत असेल तर निर्धास्त राहा. चारशे-पाचशेच्या वर असेल तर काळ्या गाडीवर पांढरे ठिपके उठणार, मग शाम्पू कितीही भारी असो. खाडीलगतचं पाणी मे महिन्यात मचूळ होतं, तेव्हा पावसाळ्यातल्या आकड्यावर विसंबू नका. पुष्कळ जण यावर सॉफ्टनर बसवतात. सॉफ्टनर कॅल्शियम काढून त्या जागी सोडियम सोडतो, टीडीएस उतरवत नाही. धुलाई बोअरच्या पाण्याने करा आणि शेवटचं पंधरा-वीस लिटर पाणी आरओचं किंवा पागोळ्यांचं मारा. कोकणात छपरावरून फुकट उतरणाऱ्या पाण्याइतकं स्वच्छ पाणी गाडीला दुसरं नाही. पहिले दोन-तीन पाऊस वाहून जाऊ द्या आणि मग दोन हजार लिटरची टाकी भरून झाकून ठेवा.

त्यानंतर जमीन. तीस फुटांच्या लांबीला निदान सहा इंच उतार हवा, आणि वर गुळगुळीत टाइल नको, साधं घोटलेलं काँक्रीट पुरे. उताराच्या टोकाला दोन बाय दोन बाय दोन फुटांचे तीन कप्पे बांधा. पहिल्यात माती बसते. दुसऱ्यातून तिसऱ्यात जाणारा पाइप एल्बो लावून खाली बुडवा, म्हणजे तरंगणारं तेल अलीकडेच अडतं. पावसाळ्यात पहिला कप्पा आठवड्याला उपसावा लागतो. तांबडी माती किती येते ते उपसल्यावरच कळतं. हे पाणी थेट व्हाळात किंवा शेजाऱ्याच्या विहिरीकडे सोडायचं नाही, यात तडजोड नाही. धुलाई केंद्राला महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीचा प्रश्न येतो, म्हणून बांधकामाआधीच मंडळाच्या कार्यालयात चौकशी करून घ्या.

गाळा चिऱ्याचा असेल तर आतून गिलावा करून रंग द्या. उघड्या जांभ्याची पूड सतत गळते आणि नेमकी ओल्या कोटिंगवर, म्हणजे रंगावर चढवलेल्या संरक्षक थरावर, बसते.

यंत्रांत १२० बारचा प्रेशर वॉशर, फोम गन, ओलं-सुकं दोन्ही ओढणारा व्हॅक्यूम, सीट धुण्याचा एक्स्ट्रॅक्टर, १५ मिलिमीटर थ्रोचा डीए (पॅड फिरता फिरता डोलवणारा) पॉलिशर, रंगाची जाडी मोजणारा गेज, तपासणीचा एलईडी दिवा आणि साठेक मायक्रोफायबर कपडे एवढं पहिल्या दिवशी लागतं. मध्यम दर्जाचं घेतलं तर हे सव्वा ते दीड लाखात बसावं. रोटरी (नुसता गोल फिरणारा) पॉलिशर पहिलं वर्ष घेऊच नका. शिकाऊ हाताखाली तो बॉनेटच्या कडेचा रंग काही सेकंदांत उडवतो. गेज मात्र टाळू नका. कंपनीचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन असतो. दोनशेच्या वर आकडा दिसला तर तो भाग पुन्हा रंगवलेला आहे असं समजावं, आणि काम सुरू करण्याआधीच गिऱ्हाइकाला दाखवावं. नंतर दाखवलं तर ते तुमच्या अंगावर येतं.

जमीन, कप्पे आणि वायरिंगला लाखभर लागेल. तीन महिन्यांचं भाडं आणि एका माणसाचा पगार वेगळा काढून ठेवा, कारण जून ते ऑगस्ट धंदा मंद असतो. पार्ट्सच्या मालात पन्नास हजारांपेक्षा जास्त अडकवू नका.

कागदपत्रं सोपी आहेत. दहापेक्षा कमी कामगार असतील तर २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याखाली फक्त ऑनलाइन सूचना द्यायची. उद्यम नोंदणी मोफत आहे, तिच्यासाठी एजंटला पैसे देऊ नका. सेवा देणाऱ्याला जीएसटीची मर्यादा वर्षाला २० लाख. निव्वळ माल विकणाऱ्याची ४० लाखांची सवलत तुम्हाला नाही, कारण तुम्ही दोन्ही करणार. कर्ज काढायचं असेल तर पीएमईजीपीचा (पंतप्रधान रोजगारनिर्मिती कार्यक्रमाचा) अर्ज जिल्हा उद्योग केंद्रातून करता येतो. ग्रामीण भागात सर्वसाधारण गटाला २५ टक्के अनुदान, आणि महिला, मागासवर्गीय वगैरे विशेष गटांना ३५ टक्के. पण योजना नव्या उद्योगासाठीच आहे. आधी शटर उघडलं आणि मागून अर्ज केला तर तो बसत नाही. बरेच जण इथेच फसतात.

प्रश्न: ऑगस्टमध्ये एका काळ्या एसयूव्हीला सिरॅमिक कोटिंग केलं. दुसऱ्या दिवशी बॉनेटवर तेलकट, सप्तरंगी पट्टे दिसले. माल बनावट होता का? (रत्नागिरी)

बहुधा माल खरा होता, हवा ओली होती. ही कोटिंग्ज हवेतल्या ओलाव्यानेच घट्ट होतात. आर्द्रता ऐंशी टक्क्यांच्या वर गेली की थर फार लवकर ओढतो, आणि पुसायला जाईपर्यंत जास्तीचा माल तिथेच आवळून बसतो. त्यालाच हाय स्पॉट म्हणतात. बाटलीवर लिहिलेली दोन-तीन मिनिटं ही कोरड्या, गार खोलीतली असतात, रत्नागिरीच्या ऑगस्टमधली नाहीत.

पट्टे दोन-तीन तासांत दिसले तर त्याच कोटिंगचे चार थेंब पॅडवर घेऊन तो भाग पुन्हा ओला करावा आणि लगेच पुसावा, सुटतात. एक दिवस उलटला असेल तर मऊ पॅड आणि बारीक पॉलिश लावून तो पट्टा काढावा लागेल, आणि त्या पॅनेलला नवा थर द्यावा लागेल. नुसतं घासून सारखं करायला गेलात तर तिथे कोटिंगच उरत नाही.

पुढच्या वेळी बे, म्हणजे कामाची जागा, बंद करा, दीड टनी एसी लावा आणि भिंतीवर आर्द्रतामापक टांगा. काटा सत्तरच्या खाली आल्याशिवाय बाटली उघडायची नाही. एका वेळी दोन बाय दोन फुटांचाच तुकडा घ्या आणि पुसायची वेळ घड्याळावर नको, डोळ्यांवर ठेवा: दिव्याखाली थर घामेजल्यासारखा दिसायला लागला की लगेच पुसा. दर तुकड्याला कपडा उलटा, आणि कडक झालेला कपडा पुन्हा रंगावर नेऊ नका, ओरखडे पडतात. कोटिंगआधी १५ ते २० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसलं होतं ना, तेही आठवून पाहा. पॉलिशचं तेल राहिलं असेल तर कोटिंग रंगाला धरतच नाही. काम झाल्यावर गाडी चोवीस तास पाण्यापासून दूर, आणि आठवडाभर शाम्पू नाही. पावसात एवढी हमी देता येत नसेल तर गिऱ्हाइकाला सरळ ऑक्टोबरची तारीख द्या.

प्रश्न: तरुण गिऱ्हाइकं कोन फिल्टर (इंजिनाला हवा देणारा शंकूच्या आकाराचा फिल्टर), मोठ्या आवाजाचा सायलेन्सर आणि रुंद टायर मागतात. तोच माल ठेवावा का? (चिपळूण)

सायलेन्सर नको. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीच्या मूळ रचनेत परवानगीशिवाय बदल करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२-अ खाली मालकाला दर बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. विमा कंपनी अशा बदलावर बोट ठेवून दावाही अडवते. दंड गिऱ्हाइकाला होतो, पण गावभर नाव तुमचं होतं.

कोन फिल्टर कोकणात मनापासून नको म्हणावासा वाटतो. त्याची नळी बऱ्याचदा बंपरजवळ खाली उतरते. पाण्याने भरलेल्या मोरीतून गाडी काढली की इंजिन हवेऐवजी पाणी ओढतं. पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो आणि बिल लाखाच्या घरात जातं. शिवाय तेल लावायच्या फिल्टरला तेल जास्त झालं की ते हवा मोजणाऱ्या सेन्सरवर बसतं आणि गाडी झटके मारते.

मग विकायचं काय? ब्रेक. कुंभार्ली, आंबा, आंबोली असे घाट दाराशी असताना परफॉर्मन्स म्हणजे आधी थांबण्याची ताकद. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं, आणि आपली हवा वर्षातले बरेच महिने दमटच. डॉट ४ दर्जाच्या ब्रेक ऑइलचा उकळबिंदू नवं असताना किमान २३० अंश, ओलावा शिरल्यावर तो १५५ पर्यंतही घसरतो. उतारावर सतत ब्रेक दाबला की तेल उकळतं, आत वाफ होते आणि पेडल स्पंजासारखं खाली जातं. म्हणून दर दोन वर्षांनी तेल बदलण्याचं काम सुरू करा. एका गाडीला साधारण एक लिटर पुरतं. सील फोडलेली बाटली पुढच्या महिन्यासाठी ठेवायची नाही.

पॅड बदलताना कॅलिपरच्या (पॅड दाबणाऱ्या भागाच्या) स्लाइड पिना बाहेर काढून पाहा. खाऱ्या हवेने त्या जाम होतात. मग एका बाजूचाच पॅड झिजतो आणि गिऱ्हाईक पॅडला दोष देतं. पिना घासून पुसा आणि सिलिकॉन ग्रीस लावा. साधं पेट्रोलियम ग्रीस लावलं तर रबरी बूट फुगतात. नवे पॅड बसवल्यावर मोकळ्या रस्त्यावर ताशी ५० वरून १० पर्यंत आठ-दहा वेळा वेग उतरवा, पूर्ण न थांबता, आणि मग गाडी न दाबता चालवून गार होऊ द्या. ही पायरी गाळली तर पहिल्याच घाटात ब्रेक कुरकुरतो.

टायरच्या बाबतीत एकूण व्यास मूळच्या दोन-तीन टक्क्यांत राहिला पाहिजे. १८५/६५ आर१५ (रुंदी मिमीत, बाजूची उंची रुंदीच्या टक्क्यांत, रिम इंचांत) चा व्यास ६२१ मिमी. त्या जागी १९५/६० आर१५ बसवला तर ६१५, म्हणजे फरक एक टक्का, चालतो. २०५/६५ आर१५ बसवला तर ६४७: चाकाच्या कमानीला घासतो आणि स्पीडोमीटर ८० दाखवतो तेव्हा गाडी ८३ वर असते. अलॉय विकताना पीसीडीइतकंच (नटांच्या भोकांच्या वर्तुळाच्या व्यासाइतकंच) मधल्या भोकाचं माप महत्त्वाचं. स्विफ्टचं पीसीडी ४×१००, मधलं भोक ५४.१. बाजारातल्या अलॉयचं भोक बहुधा मोठं असतं. मधली मोकळी जागा भरणारी हब रिंग न घालता बसवलं तर चाक नटांवरच मध्य धरतं आणि ऐंशीच्या पुढे स्टेअरिंग थरथरतं.

दुकानात ठेवायचा माल म्हणजे पाच-सहा खपाऊ मॉडेलांचे पॅड, वायपर, केबिन फिल्टर आणि मूळ वॅटचे चांगले बल्ब. वायपर मेच्या अखेरीस भरा. बाकी सगळं अर्धी आगाऊ रक्कम घेऊन मागवा.

प्रश्न: आंब्याचा चीक पडून रंगावर डाग पडतात. कशाने काढावेत? (देवगड)

नखाने किंवा ब्लेडने नाही. कोमट पाण्यात भिजवलेला मायक्रोफायबर डागावर दहा मिनिटं ठेवा, फुगला की उचला. राहिलेल्याला आयसोप्रोपिल अल्कोहोल. एक-दोन दिवसांत काढला तर निघतो. उन्हात भाजला की चीक रंगाचा वरचा थर खातो, मग पॉलिशशिवाय इलाज नाही. हंगामात गाडी झाडाखाली लावायची नाही, हे गिऱ्हाइकाला पावतीवरच लिहून द्या.

प्रश्न: किनाऱ्यावर गाडी नेणारे पर्यटक खालून कोटिंग मारून मागतात. धुऊन लगेच मारलं तर चालतं का? (दापोली)

अजिबात नाही. ओल्या किंवा गंजलेल्या पत्र्यावर डांबरी कोटिंग मारणं म्हणजे मीठ आत कोंडणं. वरून काळं कुळकुळीत दिसतं, आत पत्रा पापुद्र्यासारखा सुटत जातो.

आधी गोड्या पाण्याने खालचा भाग आणि चाकांच्या कमानी निवांत धुवा. वाळू सस्पेन्शनच्या हातांवर आणि बंपरच्या आतल्या कोपऱ्यांत साचते, तिथे नळी आत घालूनच पाणी मारावं लागतं. मग चोवीस तास वाळवा, ब्लोअर असेल तर फटींत फिरवा. गंज तारेच्या ब्रशने साफ करा आणि उघड्या पत्र्याला प्रायमर द्या. त्यानंतर कोटिंग. किनाऱ्यावरच्या गाडीला मेणाचं किंवा लॅनोलिनचं (लोकरीच्या मेणासारख्या पदार्थाचं) कोटिंग बरं. ते मऊ राहतं, फटींत शिरतं आणि चिरत नाही. दर वर्षी पावसाआधी एक हात पुन्हा द्यावा लागतो, हे आधीच सांगा.

मारण्याआधी ब्रेक डिस्क, सायलेन्सर, सेन्सर आणि रबरी बुश कागदाने झाका. दाराच्या खालच्या कडेला आणि सिलला (दाराखालच्या चौकटीला) पाणी निघण्याची बारीक भोकं असतात. काम झाल्यावर प्रत्येक भोकात तार घालून ती उघडी असल्याची खात्री करा. ती बुजली तर पावसाचं पाणी दारातच साठतं आणि दार आतून सडतं.