उतारवयातील मालीश

प्रश्न : माझ्या आईचे वय 74 आहे. तिचे गुडघे दुखतात, झोपही नीट लागत नाही. तिला रोज तेलाने मालीश करावी का?

उत्तर : अवश्य करावी, मात्र हात हलका ठेवावा. वाढत्या वयात त्वचा पातळ व कोरडी होते, स्नायू आखडतात. अशा वेळी कोमट तिळाच्या तेलाने मांड्या, पोटऱ्या, पाठ आणि तळपाय सावकाश चोळल्यास स्नायूंचा ताण सैलावतो, गुडघ्यांचे दुखणे काही काळ कमी होते आणि झोपेलाही मदत होते. झिजलेला सांधा मात्र त्याने भरून येत नाही. मायेच्या स्पर्शाचे मोलही मी कमी मानत नाही, कारण या वयात माणसाला कोणी हात लावणेच दुर्मीळ होऊन बसते.

एका बाबतीत अतिशय दक्ष राहावे. एकच पोटरी अचानक सुजून लाल व गरम झाली असेल, तर शिरेत रक्ताची गुठळी असण्याची शक्यता असते. तेथे मुळीच न चोळता तातडीने डॉक्टरांकडे जावे. हाडे ठिसूळ असल्यास किंवा रक्त पातळ करणारी औषधे चालू असल्यास आधी त्यांचा सल्ला घ्यावा. तळपायांचे तेल पुसल्याशिवाय आईला उभे राहू देऊ नये.