ऊन एवढं, तरी डी कमी?

प्रश्न : डॉक्टर, सोलापुरात एवढं ऊन, तरी माझं व्हिटॅमिन डी ९ आलंय. सर्दी-खोकला सारखाच असतो, त्याच्यामुळंच का? मी घरी विड्या वळते.

उत्तर : ताई, ऊन गावात आहे हो, तुमच्या अंगावर कुठंय? दिवसभर घरात बसणं, आणि बंद खिडकीतलं ऊन धरू नका, त्वचेत डी तयार करणारी यूव्हीबी किरणं काच अडवते. डी मिळालं की पेशी कॅथेलिसिडिन नावाचं जंतूंशी लढणारं प्रथिन बनवतात, ते व्हायरसला आडवं येतं. २०१७ मध्ये माणसांवर डी देऊन केलेल्या २५ चाचण्या एकत्र तपासल्या तेव्हा रोज किंवा आठवड्याला डीचा डोस घेणाऱ्यांना सर्दी-खोकल्यात फायदा दिसला, ज्यांचं डी तुमच्यासारखं १० च्या खाली होतं त्यांना जास्तच, पण पुढच्या अभ्यासांत तो बराच फिका पडला. म्हणून सर्दीचं खापर एकट्या डीवर नको, विड्या वळताना उडणारी तंबाखूची धूळही बघा. कमतरता मात्र भरून काढाच, हाडांसाठी. अन् डीचं ६०,००० युनिटचं पाकीट रोज घेऊ नका, डॉक्टरांना विचारूनच!