ऑपरेशन ठरलंय, मग पट्टी कशाला?

प्रश्न: माझी मुलगी साडेपाच वर्षांची आहे. लांब बघताना किंवा दमली की तिचा डावा डोळा कानाकडे सरकतो, उन्हात तोच डोळा ती मिटून घेते. ऑपरेशन ठरलं आहे. पण त्याआधी सहा आठवडे रोज दोन तास उजव्या डोळ्यावर पट्टी लावायची आहे. सासूबाई म्हणतात, "चांगला डोळा का झाकता?" काय सांगू त्यांना?
– एक आई, बार्शी

उत्तर: ताई, सासूबाईंचं विचारणं रास्त आहे. पट्टीने डोळा सरळ होईल असं नाही, ते काम ऑपरेशनचं. पण डोळा बाहेर गेला की मुलांना दोन-दोन दिसत नाही, कारण मेंदू त्या डोळ्याचं चित्र गाळून टाकतो. उजवा झाकला की डाव्याला बघावंच लागतं आणि ही सवय सैल पडते. डाव्याची नजर कमी असेल तर पट्टी फारच गरजेची. नंबर असेल तर चष्माही हवाच.

पट्टी कातडीवरच चिकटवा. काचेवर लावली की मुलं वरच्या फटीतून बघतात. त्या दोन तासांत मणी ओवायला, तांदूळ निवडायला बसवा, सायकल नको. काढताना कडेने खोबरेल तेलाचं बोट फिरवा. आणि तारीख पुढे गेली तर घाबरू नका: अमेरिकेतल्या २०१४च्या एका अभ्यासात ३ ते १० वर्षांच्या ज्या मुलांना पट्टी लावली नव्हती, त्यांच्यातही सहा महिन्यांत फार थोड्यांचं दुखणं वाढलं.

ऑपरेशनआधी मोजमाप घेताना कदाचित पुन्हा तासभर पट्टी लावतील. तिचं कारण वेगळं. मुलं जोर लावून डोळा जागेवर धरून ठेवतात, म्हणून माप कमी भरतं. तासभर झाकल्यावर ती पकड सुटते. स्नायू किती मिलिमीटर मागे न्यायचा, ते या मापावर ठरतं. मी २१ वर्षं लोलक (डोळा किती सरकतो ते मोजायची काच; आकडा मोठा तितका डोळा जास्त सरकलेला) धरून ही मापं घेते आहे. गेल्या पावसाळ्यात एका मुलाचं जवळ बघतानाचं माप आधी १५ आलं, तासाभराने ३०. पण त्याआधी एकदा सगळं पुन्हा करावं लागलं होतं, कारण बाकावर बसलेल्या आजीने घाम पुसायला पट्टी उचलली होती. दोन्ही डोळे क्षणभर एकत्र उघडले तरी पकड परत बसते. म्हणून आम्हीसुद्धा दुसरा डोळा हाताने झाकतो आणि मगच पट्टी काढतो. सासूबाई सोबत येणार असतील, तर एवढं त्यांना घरीच सांगून ठेवा.