वाचकांचे प्रश्न : ‘असंपृक्त’ म्हणजे काय?

प्रश्न : खाद्यतेलांविषयीच्या लेखांत ‘असंपृक्त मेदाम्ले’ हा शब्द वारंवार येतो. त्याचा नेमका अर्थ काय?

उत्तर : ज्या पाण्यात आणखी मीठ विरघळत नाही, त्याला शाळेत आपण संपृक्त द्रावण म्हणत असू, ‘भरून गेलेले’ हाच अर्थ येथेही आहे. मेदाम्ल म्हणजे तेला-तुपातील मेद ज्यांचा बनतो तो घटक; त्याच्या कार्बन-साखळीत मावतील तेवढे हायड्रोजनचे अणू असले तर ते संपृक्त, आणि कार्बनांमध्ये दुहेरी बंध राहून काही जागा रिकाम्या असल्या तर असंपृक्त. या बंधापाशी साखळीला बहुधा बाक येत असल्याने रेणू दाटीने रचले जात नाहीत आणि तेल सहजी गोठत नाही. म्हणूनच सुमारे ९० टक्के संपृक्त मेदाम्लांचे खोबरेल हिवाळ्यात गोठते, शेंगदाणा तेल मात्र पातळच राहते. ‘असंपृक्त तेल’ हा प्रयोग मला सैल वाटतो, कारण प्रत्येक तेलात दोन्ही प्रकार असतात.